पाषाणावरील काजळी आणि घरगुती शुद्धिद्रव्ये : एक आढावा

दगडावर बसलेली धुराची व तेलाची काजळी राख, रिठा, चिंच, ताक, गोमूत्र अशा घरात सहज सापडणाऱ्या द्रव्यांनी काढावी की काढू नये, हा प्रश्न वरकरणी केवळ गृहिणींच्या अखत्यारीतला वाटत असला, तरी बीड जिल्ह्यात तो स्वयंपाकघरातील चुलीमागच्या भिंतीपासून देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत पसरलेला आहे. आणि सासूबाई, गुरव, देवस्थानचे पंच, पाथरवट व पुरातत्त्व खात्यातील रसायनवेत्ते या प्रत्येकाचे त्यासंबंधी स्वतंत्र, बहुधा ठाम, आणि दुसऱ्याच्या मताची फारशी वास्तपुस्त न करणारे असे मत आहे. या मतांची मांडणी करून वादाची आजची स्थिती काय आहे, एवढेच पाहण्याचे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

१. पार्श्वभूमी

बालाघाटच्या डोंगररांगेने व्यापलेला हा जिल्हा सर्वस्वी काळ्या दगडाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हारसाच्या थरांपासून बनलेला बेसाल्ट येथे पावलोपावली उघडा पडलेला असल्यामुळे गढीचे बुरूज, वाड्याची जोती, घरातले जाते, पाटा, उखळ हे सारे त्याच एका द्रव्यातून घडलेले आहे. बीड शहरातील तळ्याच्या मध्यभागी उभे असलेले कंकालेश्वराचे मंदिर, अंबाजोगाईचे हत्तीखाना या नावाने ओळखले जाणारे शैल-मंडप, आणि अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेले परळीचे वैजनाथ मंदिर ही त्याच पाषाणपरंपरेची ठळक उदाहरणे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली असल्याने येथील देवळांची, मशिदींची व दर्ग्यांची व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या इनामदार, पुजारी व मुतवल्ली यांच्या वहिवाटीने चालत आली. आणि झाडलोट व धुणेपुसणे ही कामे वहिवाटीतच मोडत असल्यामुळे कोणत्या दगडास कधी काय लावले याचा कागदी पुरावा जवळजवळ कोठेच मिळत नाही.

धुराचे मूळ दोन ठिकाणी. घरात ते चुलीत असते. या भागातील सरपण म्हणजे मुख्यत्वे तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, बाभळीचा फाटा आणि गोवऱ्या. त्यातही पावसाळ्यात ओलसर राहिलेल्या पऱ्हाट्या जळण्यापेक्षा धुमसतातच अधिक, आणि अशा धुमसत्या सरपणाचा धूर केवळ काळा नसून डांबरासारखा चिकट व पिवळसर तपकिरी असतो. आढ्याला लोंबणारा घेरोसा केरसुणीने निघतो. भिंतीच्या दगडात मुरलेला हा चिकटा मात्र निघत नाही. देवळात धुराचे मूळ म्हणजे समई, नंदादीप, धूप आणि कापूर. राक्षसभुवनच्या शनिमंदिरासारख्या ठिकाणी तर तेल हे दिव्यासाठी नसून साक्षात देवाला वाहण्यासाठीच असते, त्यामुळे तेथे तेलाला मळ म्हणावे की नैवेद्य म्हणावे, येथूनच मतभेदास आरंभ होतो.

एक गोष्ट येथे नमूद करणे अवश्य आहे. जुन्या गृहव्यवस्थेत चूल धुण्याची चालच नव्हती. रोज सकाळी चुलीला व तिच्या मागील भिंतीला शेणमातीचे किंवा पांढऱ्या मातीचे पोतेरे फिरविले जाई, आणि आदल्या दिवसाची काजळी नव्या पातळ थराखाली झाकली जाऊन, थर जाड झाला की पापुद्र्याबरोबर ती आपोआप गळून पडे. काजळीचा स्पर्श दगडाला होऊच द्यायचा नाही, तो मधल्या मातीला व्हावा, असे हे शहाणपण होते. मातीची चूल जाऊन दगडी किंवा सिमेंटचा ओटा आला, भिंती उघड्या राहिल्या, पोतेरे मागासलेपणाचे लक्षण ठरले, आणि मग दगड घासण्याचा प्रश्न नव्याने उपस्थित झाला. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर पुष्कळ घरांत गॅस आला असला, तरी भाकरीसाठी आणि अंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटतेच; आणि वर्षातील कित्येक महिने उसाच्या फडावर काढणाऱ्या या जिल्ह्यातील कुटुंबांची चूल तर तीन दगडांची, उघड्यावरची, आणि साफसफाईच्या चर्चेपासून सर्वस्वी मुक्त अशीच असते.

२. काजळीचे स्वरूप

वादातील बराचसा गोंधळ काजळी व दगड या दोहोंच्या प्रकृतीविषयी असल्यामुळे थोडे रसायनशास्त्र टाळता येत नाही. काजळी म्हणजे मुख्यतः कार्बनचे अतिसूक्ष्म कण. कार्बन पाण्यात विरघळत नाही, आम्लात विरघळत नाही आणि अल्कलीतही विरघळत नाही. सबब काजळी 'विरघळवून' काढण्याचा कोणताही उपाय, मग तो स्वयंपाकघरातला असो वा प्रयोगशाळेतला, मुळातच संभवत नाही. तिला दगडाशी धरून ठेवणारा जो तेलकट अगर डांबरी पदर असतो तो सैल केला, म्हणजे कण सुटे होऊन पाण्याबरोबर किंवा लेपाबरोबर निघून येतात. या पदराचे वय महत्त्वाचे. मराठवाड्यात दिव्याला करडईचे व जवसाचे तेल पुष्कळ वापरले जाई. ही तेले हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू सुकतात व चिवट होतात. जवसाच्या तेलाचा हा गुण इतका प्रबळ आहे की चित्रकार त्यावरच रंग खलतात. आठ दिवसांचे तेल रिठ्याच्या पाण्याने सुटते, ऐंशी वर्षांचे सुटत नाही. ते तेल राहिलेले नसून एक प्रकारचे वार्निश झालेले असते.

आता दगड. बेसाल्ट कठीण खरा, परंतु एकजिनसी नव्हे. त्याच्या पोकळ्यांतून पांढरी कॅल्साइटची व झिओलाइटची खनिजे भरलेली असतात, त्याच्या अंगी लोह असते, आणि देवळांतील व वाड्यांतील दगडांच्या दरजा बहुधा चुन्याने भरलेल्या असतात. कॅल्साइट व चुना हे दोन्ही आम्लाला अत्यंत हळवे. लोह आम्लाने उघडे पडले, की पुढील पावसाळ्यात तांबूस ओघळ दिसू लागतात. अर्थात दगड टिकला तरी दरज खचते, आणि दरज खचली की पाणी आत शिरते.

३. घरगुती द्रव्यांचा पक्ष

या पक्षाचे म्हणणे थोडक्यात असे की, जी द्रव्ये पिढ्यान्‌पिढ्या भांड्यांना, केसांना व वस्त्रांना लावली गेली, आणि जी हाताला बाधत नाहीत, ती दगडालाही बाधणार नाहीत. शिवाय ती फुकट किंवा अल्पमोलात मिळतात, आणि खेड्यातील पुजाऱ्याला शहरातल्या प्रयोगशाळेची वाट पाहत बसण्याची गरज राहत नाही. या युक्तिवादातील अखेरचा भाग मला सर्वांत वजनदार वाटतो. ज्या देवळाचे वार्षिक उत्पन्न तेलवातीला पुरत नाही, तेथे तज्ज्ञ येण्याची शक्यता जवळजवळ नसतेच.

मात्र ही सर्व द्रव्ये एका माळेत ओवणे योग्य नाही. चुलीतील लाकडाची राख अल्कलीधर्मी. तिच्यातील पोटॅशमुळे तेलाचा साबण बनतो आणि त्याबरोबर काजळीचे कण निघतात. हा उपाय शास्त्राला धरून आहे. परंतु राखेचे पाणी वस्त्रगाळ करून वापरले तरच, कारण कोरडी राख घासली तर तिच्यातील वाळूचे कण दगडाच्या झिलईवर चरे पाडतात. येथे एक स्थानिक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. परळीच्या औष्णिक वीजकेंद्रातून निघणारी आणि वीटभट्ट्यांवर जाणारी राख ही दगडी कोळशाची. तिच्यात पोटॅशचे प्रमाण क्षुल्लक व काचेसारख्या सिलिकामय कणांचे प्रमाण मोठे, त्यामुळे नाव एकच असले तरी चुलीच्या राखेचे काम ती करीत नाही. रिठा व शिकेकाई यांतील फेस आणणारे द्रव्य सौम्य असून ताज्या तेलावर चांगले चालते. त्यांचा दोष एवढाच, की पाणी पुरेसे न वापरल्यास तपकिरी डाग मागे राहतो.

चिंच व लिंबू यांचा प्रकार अगदी निराळा. तांब्यापितळेची भांडी चिंचेने लखलखतात, म्हणून दगडही उजळेल, असा समज सर्वत्र आहे. पण तांब्यावरचा काळेपणा हा धातूच्या ऑक्साइडचा असतो आणि आम्लात तो विरघळतो, तर दगडावरचा काळेपणा कार्बनचा असतो व आम्लाला दाद देत नाही. चिंचेने दगड उजळल्यासारखा दिसतो तो बहुधा घासण्यामुळे, आणि त्या घासण्याबरोबर पोकळ्यांतील कॅल्साइट व दरजांतील चुनाही थोडाथोडा जात असतो. शिरका आणि खाण्याचा सोडा एकत्र करण्याची जी नवी टूम शहरांतून आली आहे, तिच्यात फेस पुष्कळ येतो, परंतु आम्ल व अल्कली परस्परांना निष्प्रभ करून टाकतात, आणि मागे उरते ते किंचित खारे पाणी. सोडा एकटा, ओल्या फडक्यावर घेऊन, हलक्या हाताने वापरला तर त्याचा थोडा उपयोग होतो. ताक व दही यांनी दगड धुण्याची चाल काही देवळांत आहे. त्यांतील आम्ल सौम्य असले, तरी मागे राहिलेल्या स्निग्धांशावर व प्रथिनांवर बुरशी पोसते.

गोमूत्राविषयी या पक्षाचा आग्रह भावनिक आहे असे विरोधक म्हणतात, पण ते पूर्णतः खरे नाही. शिळ्या मूत्रात अमोनिया तयार होतो आणि अमोनिया तेलकट मळ सैल करतो. प्राचीन रोममधील परीट याच कारणास्तव शिळे मूत्र साठवीत. विशेष म्हणजे आपल्या पुरातत्त्व खात्याच्या रसायनशाखेनेही दगडावरील शेवाळ व मळ काढण्यासाठी अमोनियाचे सौम्य द्रावण वर्षानुवर्षे वापरले आहे. फरक इतकाच की मूत्रासोबत जे क्षार येतात ते दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात, सुकताना त्यांचे स्फटिक बनतात आणि भिंतीला खार फुटतो. मीठ चोळण्याच्या उपायालाही हाच आक्षेप लागू पडतो.

अंबाजोगाईच्या एका जुन्या वाड्यातील दिवा ठेवण्याच्या कोनाड्यावर हा सारा प्रकार जवळून पाहण्याचा योग आला. कोनाड्याच्या माथ्यापासून हातभर उंचीपर्यंत काळा, वर निमुळता होत गेलेला पट्टा होता. घरच्या वहिनींनी प्रथम कोरड्या मऊ कुंचल्याने भुरभुरती काजळी झाडून घेतली, कारण ती ओली केली की आत मुरते हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. मग तळहाताएवढ्या जागेवर कोमट रिठ्याचे पाणी चोळले, तेव्हा काळाकुट्ट फेस आला आणि खाली तपकिरी चिकटा तसाच राहिला. त्यावर राखेच्या निवळीत भिजवलेल्या मुलतानी मातीचा बोटभर जाड लेप देऊन वर ओले फडके लावण्यात आले. दुसऱ्या दिवशी फडके काढून लेप सुकू दिला. त्याला भेगा पडल्या, ढपला अलगद सुटला, आणि त्याची दगडाकडची बाजू चहाच्या रंगाची झालेली दिसली. पण खालून जो दगड निघाला तो काळा नव्हता, राखाडी होता. घरातील वडीलधाऱ्यांना हे मुळीच रुचले नाही. काळा पाषाण काळाच दिसला पाहिजे, या समजुतीने त्यांनी त्यावर लगोलग तेलाचा बोळा फिरविला, आणि दगड पुन्हा तकतकीत काळा झाला, म्हणजेच पुढील काजळी धरण्यास सिद्ध झाला. जिल्ह्यातील अनेक देवळांत सफाईचा शेवट याच तेलाच्या बोळ्याने होतो. या एका सवयीमुळे काजळीचे जितके भले झाले असेल तितके दिव्यांमुळेही झाले नसेल.

४. पुरातत्त्वशास्त्राचा पक्ष

भारतीय पुरातत्त्व खात्यात १९१७ साली महंमद सनाउल्ला यांची रसायनवेत्ते म्हणून नेमणूक झाली, तेव्हापासून स्मारकांची सफाई हा शास्त्राचा विषय बनला. निजामाच्या राज्यात १९१४ साली स्वतंत्र पुरातत्त्व खाते स्थापन होऊन गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले होते. त्या खात्याने अजिंठ्याच्या धुरकटलेल्या चित्रांसाठी १९२० च्या सुमारास इटलीहून सेक्कोनी व ओर्सिनी या तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी चित्रांचे पोपडे जागच्या जागी चिकटविण्याचे काम कौशल्याने केले, परंतु वर दिलेले लाखेचे वार्निश पुढे पिवळे व मळकट होत गेले, आणि ते काढण्याचे काम खात्याला नंतर अनेक दशके पुरले. लाख हे द्रव्य पूर्णपणे निसर्गजन्य व देशी. त्यामुळे 'नैसर्गिक ते निरुपद्रवी' हे गृहीत धरता येत नाही, याचा दाखला म्हणून हा पक्ष अजिंठ्याकडे नेहमी बोट दाखवितो. तज्ज्ञांचा सल्लाही कालांतराने सदोष ठरू शकतो, याचा दाखला म्हणून विरुद्ध पक्षाला तेच उदाहरण तितकेच सोयीचे आहे.

या पक्षाची सूत्रे थोडकी आहेत. आधी कोरडी सफाई, मग पाणी, आणि अगदी गरज पडल्यासच द्रावण. प्रत्येक उपाय आडबाजूच्या लहानशा जागेवर तपासून मगच पुढे जाणे. दगडाचा पृष्ठभाग अणुमात्रही न झिजविणे. आणि जे लावले ते पूर्णपणे काढता येणे. १९२३ साली जॉन मार्शल यांनी प्रसिद्ध केलेल्या जतन-नियमावलीपासून १९६४ च्या व्हेनिस सनदेपर्यंत या विचाराची दिशा उत्तरोत्तर कमी हस्तक्षेपाकडेच गेलेली दिसते. गंमत अशी की, या पक्षाच्या भात्यातील सर्वांत प्रसिद्ध बाण घरगुतीच आहे. ताजमहालाच्या संगमरवरावरील पिवळटपणा काढण्यासाठी १९९४ पासून वेळोवेळी जो लेप दिला जातो तो मुलतानी मातीचा. युरोपातही हीच स्थिती होती. रोमच्या सिस्टाइन चॅपेलचे मेणबत्त्यांनी काळवंडलेले छत सतराव्या शतकात पावाच्या तुकड्यांनी, आणि अठराव्या शतकाच्या आरंभी मद्यात बुडविलेल्या स्पंजांनी पुसल्याची नोंद आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस रासायनिक द्रावणांनी ते स्वच्छ झाले, तेव्हा मूळ छटाच पुसल्या गेल्या की काय, यावर विद्वानांत तुंबळ वाद माजला. कोरड्या सफाईसाठी आज जे रबरी स्पंज वापरतात त्यांचे काम पावाच्या मऊ गिरापेक्षा तत्त्वतः वेगळे नाही. पिठाचा अंश भिंतीवर राहून किडामुंगीला आमंत्रण मिळत नाही, एवढाच नव्याचा लाभ.

५. आणखी दोन भूमिका

तिसरा पक्ष म्हणतो, की काजळीला हात लावूच नये. शतकानुशतके तेवलेल्या दिव्याची खूण हीही स्मारकाच्या इतिहासाचाच भाग असून ती पुसणे म्हणजे दप्तरातील पाने फाडण्यासारखे आहे. शिवाय तेलाच्या थराने काही ठिकाणी दगडाला ओलाव्यापासून संरक्षणही मिळालेले असते. शेंदराच्या मूर्तींबाबत तर भाविकही हेच म्हणतात: तेल-शेंदराचे कवच देवाने आपणहून टाकले तरच टाकायचे, कोणी खरवडायचे नाही. या भूमिकेत तथ्य आहे, पण तीही सरसकट लागू होत नाही. काजळीखाली शिलालेखाची अक्षरे बुजलेली असतील, तर इतिहासाच्या एका पुराव्यासाठी दुसरा गाडून ठेवावा काय, याचे उत्तर या पक्षापाशी नाही.

चौथी भूमिका कोणी लेखणीने मांडत नाही, पण प्रत्यक्षात तीच सर्वत्र अमलात येते. यात्रा तोंडावर आली की देवस्थानची मंडळी फरशीसाठी आणलेले ॲसिड भिंतीला मारतात, किंवा एकदाचे झाकून टाकावे म्हणून तैलरंग फासतात, आणि पुढे तो रंग काढण्यासाठी दाबाने वाळू मारण्याचे यंत्र आणले जाते. वाळूतील गारगोटी बेसाल्टच्या घटक-खनिजांहून कठीण असल्यामुळे शिल्पाचे नाकडोळे बोथट होतात व झिलई उडालेला खरबरीत दगड नवी काजळी अधिकच वेगाने धरतो. पाथरवटाने टाकी लावून दगड 'नवा' करण्याचा प्रकारही याच जातीचा. जात्याला टाकी लावावीच लागते. खांबावरच्या नक्षीला नाही. या भूमिकेविषयी मात्र समतोल राखणे कठीण जाते.

६. अनिर्णित मुद्दे

पहिला मुद्दा पाण्याचा. रिठा असो, राखेची निवळी असो वा अमोनिया, दगडावर काही मागे राहू द्यायचे नसेल तर भरपूर व गोड्या पाण्याने धुणे ओघानेच आले, आणि बीडसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यात, जेथे उन्हाळ्यात बोअरचे जड, क्षारयुक्त पाणी हाच आधार असतो, तेथे धुण्यानेच खार फुटण्याचा संभव आहे. लेपाच्या पद्धतीस पाणी कमी लागते. परंतु मोठ्या पृष्ठभागावर तिचा वेळ व मजुरी देवस्थानला परवडेल काय, हा हिशेब कोणी मांडलेला नाही.

दुसरा मुद्दा धार्मिक आचाराचा. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या शिवलिंगाची झीज होत असल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२० रोजी भाविकांनी लिंग हाताने चोळण्यास मनाई केली. परळीला स्पर्शदर्शनाची परंपरा असल्याने तेथेही असा प्रश्न केव्हा ना केव्हा उपस्थित होईल. अभिषेकातील दही, मध व साखर हीही घरगुती द्रव्येच; ती पूजा म्हणून लावली तर योग्य आणि सफाई म्हणून लावली तर अयोग्य, असा भेद दगडाला कळत नाही, पण भाविकाला तो कळतो, आणि निर्णय भाविकांना बाजूला ठेवून घेता येत नाही.

तिसरा मुद्दा अखत्यारीचा. १९५८ चा केंद्रीय कायदा व १९६० चा राज्याचा कायदा यांनी संरक्षित स्मारकांना हानी पोहोचविणे गुन्हा ठरविले आहे, तथापि जिल्ह्यातील बहुसंख्य जुनी देवळे, दर्गे, बारवा व वाडे कोणत्याच यादीत नाहीत. तेथे ॲसिड मारणाऱ्याला अडविणारा कोणी नाही आणि मातीचा लेप देऊ पाहणाऱ्याला शिकविणाराही कोणी नाही. गुरवांसाठी व पंचांसाठी चार दिवसांचे शिक्षणवर्ग भरवावेत, अशी सूचना अधूनमधून होते. ते भरले तरी एक उणीव राहीलच, आणि ती लेखाच्या आरंभी सांगितलेल्या वहिवाटीतून आलेली आहे: करडईच्या तेलाऐवजी शेंगदाण्याचे तेल आले तेव्हा काय बदलले, राखेच्या निवळीने धुतलेली भिंत वीस वर्षांनी कशी दिसते, लेप दिलेली बाजू न दिलेल्या बाजूपेक्षा लवकर काळवंडते की उशिरा, हे सांगू शकेल असा कागद कोठेही नाही. देवस्थानांच्या हिशेबवहीत तेलाची खरेदी पै-पैने लिहिलेली असते. तिच्याच शेजारी तारीख, भिंत, लावलेले द्रव्य, पाण्याचा उगम आणि आधीचे व नंतरचे छायाचित्र एवढी पाच रकान्यांची नोंद ठेवण्यास फार तर एक जादा वही लागेल.